धूर वळेल तिथे फट

२१ जून १९६४, लोणावळा

आले एकदाची! ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, नानांचा कंदील आणि मी, एवढा लवाजमा टांग्यातून उतरला तेव्हा टांगेवाल्याने विचारलं की मागून मंडळी येणार आहेत का. म्हटलं, मंडळी म्हणजे मीच. बिचाऱ्याने मुकाट टांगा वळवला. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली आहे, हे त्याला कुठून कळणार!

मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्यामागे ही दोन खोल्यांची जागा आहे. पुढे निजायची खोली, मागे स्वयंपाकघर, वर कौलं आणि त्यांच्याखाली लाकडी छत. बंगला पावसाळाभर बंद असतो. राखायला भिमाजी नावाचा माळी आहे, बेडशाकडचा, मिशा पांढऱ्या पण पाठ ताठ. भांड्यांना ठाकरवाडीतली हिरी येणार. ती माझ्याकडे बघून नुसतीच हसली. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचा, तोही पाचवी ते सातवी. मजा आहे.

पुण्याहून निघताना दादा-वहिनींना ठणकावून सांगितलं की मी आता परत यायची नाही. वहिनीने तोंडावर पदर घेतला. रडायला की हसायला, ते विचारलं नाही.

एकच अडचण. नाना दम्याचे. बारा वर्षं त्यांच्या खाटेशेजारी माझं अंथरूण होतं. त्यांच्या छातीतली शिट्टी थांबली की मी दचकून उठून बसायची. मार्चमध्ये ती कायमची थांबली. आता पाठ टेकली की कानाला काही लागतच नाही.

२९ जून

इथे धुकं दारावर टकटक करत नाही, सरळ घरात शिरतं. काल वह्या तपासत होते तर टेबलाखालून पांढरं काहीतरी सरकत गेलं. पाय वर घेऊन बसले आणि मग स्वतःलाच हसले. मिठाचं पाणी झालं, चपलांवर बुरशी आली, पांघरूण रोज ओलं. आणि वारा! दाराखालून येतो, खिडकीच्या चौकटीतून येतो, काच हलते तिथून येतो. पुढच्या खोलीत शेगडी ठेवली तरी ऊब उभी राहत नाही.

भिमाजीने खिडक्यांवर बाहेरून पावसाळी फळ्या ठोकून दिल्या. त्यामुळे दिवसाही कंदील लावावा लागतो, आणि वारा आहे तसाच. त्याला खोकला ऐकवला तर म्हणाला, "हितं पयल्या साली समद्यांचंच आसं व्हतं. मग सवय व्हती, न्हाईतर मानूस जातं." कुठे जातं, ते सांगितलं नाही. पुण्याला, असं मी धरून चालले.

पण मीही नानांची मुलगी आहे. वाऱ्याशी आमचं घराण्याचं वैर. फटी बुजवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

५ जुलै, रविवार

आज सुट्टी सत्कारणी लावली. मैद्याची पातेलंभर खळ केली, वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापल्या. जुन्या लुगड्याची गुंडाळी करून दाराच्या उंबऱ्याशी दाबली. हलत्या काचांना लांबी भरली. मोठ्या भोकांत गोधडीतल्या चिंध्यांचे बोळे कोंबले.

फट शोधायची युक्ती नानांची. उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेकडेने हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. वळला, तर वळेल तिथे फट. नाना खाटेवरून बोट दाखवायचे आणि मी पट्टी लावायची. आज बोट दाखवायला कोणी नव्हतं, तरी मी मधूनच मागे वळून बघत होते.

हिरी भांडी घासायची सोडून हे सगळं बघत राहिली. त्यांच्या वाडीत कारवीच्या कुडाला लिंपतात, पण दाराच्या वर हातभर जागा मोकळी ठेवतात. का, म्हणून विचारलं. म्हणाली, "येक भोक लागतंय बाय घराला. आत हाय त्यानं जायाचं कुटनं?" धूर म्हणत असेल, असं मला वाटलं.

तशी एक झडप माझ्या स्वयंपाकघरातही आहे, मागच्या दारावर, छताला लागून. तिच्या खाचेत दगड अडकवून ठेवला आहे. सगळ्यात गार वारा तिथूनच येतो. मी स्टूल घेतलं तेवढ्यात भिमाजी आला. समदं बुजवा, पर ती तेवढी उघडी ऱ्हाऊ द्या, असं म्हणाला. खालच्या मानेने म्हणाला, म्हणून मी ऐकलं.

१० जुलै

भिमाजी आणि हिरी, दोघंही भाताच्या लावणीला गेले. आता आठ-पंधरा दिवस कोणी फिरकणार नाही. बंगल्याच्या आवारात मी, बेडूक आणि गळकी पन्हळ.

काल खोकून खोकून बरगड्या दुखल्या. आज स्टुलावर चढले, दगड काढला, झडप लावली आणि कडेने चिंध्या दाबल्या. भिमाजी येण्याआधी परत उघडून ठेवीन. त्याला कशाला कळतंय!

काय सांगू, घर पालटलं! शेगडीची ऊब चारी कोपऱ्यांत पोचली. कंदिलाची ज्योत हलेना. धुकं बाहेर आणि मी आत. नानांना ही खोली दाखवायला हवी होती. दोन कप चहा केला गेला सवयीने, आणि दोन्ही मीच प्याले.

१३ जुलै

एक गंमत झाली. गंमतच म्हणते.

शाळेतून आल्यावर उदबत्तीने सगळं घर पुन्हा तपासलं. खिडक्या, दारं, झडप, कुठेच धूर वळला नाही. समाधानाने खोलीच्या मधोमध खुर्चीजवळ उभी राहिले, आणि धूर वळला. रिकाम्या खुर्चीकडे आडवा ओढला गेला. मग सुटला, माझ्याकडे आला. पुन्हा तिकडे गेला. पुन्हा माझ्याकडे. संथ, एका लयीत.

मी श्वास रोखून बघितला. धूर जात-येत राहिला.

डोकं जड झालं आहे. शेगडीसमोर फार वेळ बसते म्हणून असेल. बाम चोळून पडते.

१५ जुलै

रोज लावते उदबत्ती. कधी खुर्चीपाशी, कधी टेबलापाशी, तर आज खाटेच्या पायथ्याशी.

पहिल्यांदा वाटलं नानाच. रडलेसुद्धा. पण नानांचा श्वास तुटक होता, शेवटी शिट्टी वाजायची. हा लांब आहे, सबंध आहे. हा माणूस मला माहीत नाही.

भीती वाटायला हवी होती. वाटते थोडी. पण खरं लिहायचं तर काल मी मार्चनंतर पहिल्यांदा गाढ झोपले. कोणीतरी श्वास घेत होतं.

१६ जुलै

भिमाजी अचानक आला, घरचे तांदूळ द्यायला. झडप लागलेली बाहेरूनच दिसली त्याला. चिखलात उभा राहिला, पायरी चढेना. आत ये म्हटलं तर मान हलवली.

मग सांगितलं. माझ्याआधी या जागेत एक ड्रॉइंग मास्तर राहायचे, एकटेच, अबोल. त्यांनाही वाऱ्याचा त्रास. त्यांनीही कागद-खळ घेऊन सगळं घर चिकटवलं. एका पावसाळ्यात दोन दिवस दार उघडलं नाही, तेव्हा भिमाजीने फोडलं. मास्तर खुर्चीत होते, पुढ्यात शेगडी. झोपल्यासारखे. लोक म्हणाले की कोळशाने हवा खाल्ली. "पर बाई, म्या दार फोडलं तवा वारा आत ग्येला न्हाई, वारा भाईर आला. माज्या तोंडावर. म्हून ती झडप म्या सोत्ता उघडली व्हती, त्यास्नी जायाला."

त्याच्यासमोर स्टुलावर चढून मी चिंध्या ओढल्या आणि झडप उघडली. दगड लावला. शेगडी खोलीत ठेवणार नाही, असं वचनही दिलं. तो गेला.

१८ जुलै

उदबत्तीचा धूर सरळ झडपेकडे जातो आणि बाहेर पडतो. खुर्चीपाशी काही नाही. खाटेपाशी काही नाही. गेलं जे होतं ते.

डोकं हलकं झालं, हे कबूल करायला हवं. पण वारा सगळ्या घरातून मोकाट हिंडतो आहे. पांघरूण ओलं. खोकला परत आला. शाळेत कोणी दोन शब्द बोलत नाही. मुख्याध्यापिकाबाई मला अजून 'नव्या बाई' म्हणतात. घरी येऊन कुलूप काढते तेव्हा आत कोणी नाही हे कडीच्या आवाजावरूनच कळतं.

फार एकटं वाटतं. परत यायची नाही म्हणून सांगून आले आहे. कुठल्या तोंडाने जाऊ?

२० जुलै

पावसाने शाळा बंद. समोरचं झाड दिसत नाही. दिवसभर पन्हळीशिवाय आवाज नाही.

लिहायला लाज वाटते. दुपारी मी झडप लावली. चिंध्या दाबल्या. शेगडी खोलीत आणली, खुर्ची तिच्यासमोर सरकवली. मग उदबत्ती पेटवून वाट बघत बसले.

बऱ्याच वेळाने धूर हलला.

मी म्हटलं, या.

२१ जुलै

डोकं फुटतंय. उशिरा उठले. झडपेकडे नजर गेली.

मी चिंध्या दाबल्या होत्या. फक्त चिंध्या. आता तिथे पट्ट्या आहेत. वर्तमानपत्राच्या, एकावर एक, कडा नेमक्या जुळवलेल्या. माझ्या कधीच इतक्या सरळ येत नाहीत. अंगठ्याने दाबल्याच्या खुणा आहेत. माझा अंगठा लावून बघितला. ती खूण रुंद आहे.

खळीचं पातेलं मी पाच तारखेलाच घासून ठेवलं होतं. ते भरलेलं आहे. कोमट.

मी झोपेत उठले असेन. असंच असणार. ऊन पडलं की सगळं ओरबाडून काढते. भिमाजीला बोलावते, हिरीला —

संध्याकाळ

ऊन पडलं नाही. उठायचं ठरवते आणि बसून राहते. पायांत जीव नाही.

दाराच्या कुलपाचं भोक बुजलंय. कौलांखालच्या लाकडी छताची एक-एक खाच चिकटवलेली आहे. तिथवर माझा हात पोचतच नाही.

शेगडी विझवली. पाणी ओतलं, नक्की ओतलं. आता पाहते तर निखारे लाल आहेत.

२२

दार फुगलंय. ओढते — येत नाही. काच फोडली. बाहेर भिमाजीच्या फळ्या, आणि फळ्यांच्या मधल्या फटीत — पट्ट्या. ओल्या.

हाका मारल्या. आवारात कोण आहे ऐकायला? लावणीला गेलेत सगळे.

दादाकडे जायला हवं होतं. वहिनी हसली असती, एवढंच ना. हसू दे. माणसं हसतात, बोलतात, भांडतात — मी चुकले. मला घरी जायचंय —

कंदिलाची ज्योत बोटाएवढी झाली

तोच दिवस

उदबत्ती पेटवली. एक तरी फट राहिली असेल. एक सापडली तरी नखांनी मोठी करीन.

दार — सरळ. झडप — सरळ. खिडकी — सरळ. छत, उंबरा, कोपरे, सगळीकडे सरळ. मास्तरांचं काम चोख आहे.

टेबलाशी बसले. उदबत्ती समोर ठेवली.

धूर वळला.

खुर्चीकडे नाही. खुर्ची रिकामी आहे आता. माझ्याकडे वळला. नाकाशी आत जातो, बाहेर येतो. आत, बाहेर. पाठीमागून कोणीतरी वाकून तोच धूर बघतंय. नाना जसं बोट दाखवायचे, तसं खांद्यावरून एक बोट पुढे आलंय. माझ्या तोंडाकडे.

या घरात एकच फट उरली आहे

खळीचा वास येतोय. अगदी जवळ. ओठांवर काहीतरी ओलं, कागदाचं — अंगठा — कडेकडेने दाबत —

ना