पिवळ्या जिन्याचा पत्ता

३ मार्च

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा जिने चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते कबूलही करवत नाही, म्हणून पत्र. माझी लाकडी बटणे बरी चालली आहेत. लाकूड कातायच्या लेथच्या भुशाने केस पांढरे होतात आणि आरशात थेट तुम्ही दिसता.

ज्या ऑनलाइन बाजारात माझे ‘पाचवे बटण’ हे दुकान आहे, त्यांनी फर्मान काढले आहे. विक्री ठरावीक मर्यादेपुढे गेली की विक्रेत्याने नाव, कर-क्रमांक आणि राहता पत्ता द्यायचा. ही माहिती बाजारवाले कर खात्याला कळवणार. महिनाअखेरपर्यंत दिला नाही तर दुकान बंद. कर मी भरतेच. भीती पत्त्याची आहे. नवऱ्याच्या घरून दोन पिशव्या घेऊन निघाले त्याला तीन वर्षे झाली; मी कुठे असते हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. पत्ता थोडा चुकवून दिला तर चालेल का? नियम वाचताना माझे डोळे फिरतात. नियम आणि फॉर्म सोबत जोडले आहेत; फॉर्म तुम्हीच भरून पाठवा, मी सही करून चढवते.

तुमच्या मायेची धनी,
खारुताई

९ मार्च

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

लहानपणी माझ्या कोटांची बटणे उपटून डब्यात साठवणारी तू आज बटणांवरच पोट भरतेस. तेव्हा कोटांचे नुकसान सत्कारणी लागले असे मानतो.

चुकीचा पत्ता चालणार नाही. कर खात्याला सांगणे आणि चव्हाट्यावर सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला नकार देण्यास तुला कारण नाही. दुसरी कोणी मागितलेली नाही. भीती दुसरीची असताना पहिलीत खोटे बोलून काय साधणार?

‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ यांपैकी मी ‘व्यावसायिक’वर खूण केली आहे. सासरी तुझ्या कामाला हौस म्हणत. मी म्हणणार नाही. पत्ताही निःसंदिग्ध लिहिला आहे: इमारतीच्या मागचा पिवळा जिना, दुसरा मजला, डावीकडचे दार. अपुरा पत्ता हा अर्धवट विधानासारखा. त्याच्यावर विसंबून कोणी कुठे पोचत नाही.

प्रकृतीस जप. मामावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा मामा

२१ मार्च

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रागाने लिहीत नाही, हे आधीच सांगते. दुकानाच्या पानावर तळाशी माझे पूर्ण नाव आणि पत्ता झळकतो आहे, जिन्याच्या रंगासकट. मदत कक्षातल्या बाई म्हणाल्या की व्यावसायिक विक्रेता कोण हे गिऱ्हाइकाला दिसलेच पाहिजे, फसवणूक टळते. मी हौशी आहे असे आता म्हणू का, तर विक्री पाहता ते खोटे ठरेल. पत्ता बदलायचा तर नव्या जागेचा पुरावा आणि तीस दिवस. दुकान बंद करायचे तर हातातल्या ऑर्डरी संपेपर्यंत पान दिसणारच.

काल एक ऑर्डर आली. एकच बटण, करड्या कोटासाठी. पाठवायचे ते माझ्या नवऱ्याच्या नावावर. सोबत निरोप, की जिन्याचा रंग फार उडाला आहे, घरमालकाला सांग.

चौकीत जाऊन आले. साहेब म्हणाले, बटण मागवणे हा काही गुन्हा होत नाही. तेव्हापासून कडी लावून बसले आहे. लेथ चालवत नाही, आवाज बाहेर जातो. हे पत्र वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई टाकतील.

उत्तर लवकर लिहा. माया असू द्या.

खारुताई

२४ मार्च

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

चूक माझी आहे. व्यावसायिकाचा पत्ता पानावर दाखवण्याबद्दल नियमांना एक परिशिष्ट होते. मोठ्या कंपन्यांसाठी असेल असे मानून मी ते बाजूला ठेवले. तुझ्या कामाला व्यवसाय म्हणताना छाती फुगली होती. पण व्यवसायाला लागू होते ते तुलाही लागू होईल, एवढे दोन पायऱ्यांचे अनुमान चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला सुचले नाही. विद्यार्थ्याला मी याच चुकीसाठी नापास केले असते.

आता धंद्याची जागा म्हणून माझ्या घराचा पत्ता द्यावा. भाडेकरार सोबत आहे, सही कर. तो खोटा ठरू नये म्हणून लेथ माझ्या पुढच्या खोलीत येईल आणि बटणे मी कातीन. पहिली वाकडी होतील. तक्रारी आल्या तर मला कळव असे म्हणणार होतो, पण ते जमायचे नाही. का, ते पुढे लिहितो. लेथबरोबर तू मात्र इथे येऊ नकोस.

तुझे पत्र शिंपीणबाईंच्या यजमानांनी स्वतःच इथे आणून दिले, तेव्हा त्यांच्याशी समोरासमोर बोललो आहे. शुक्रवारी ते टेम्पो आणतील, हमाल तुझ्याच जिन्याने वरखाली करत असतील. त्या गर्दीत शिंपीणबाईंबरोबर निघ आणि पुढे तुला सुचेल तिथे जा.

तीस दिवसांनी पानावर माझ्या या नव्या घराचा पत्ता येईल, जो तुझ्या नवऱ्याला आजवर माहीत नव्हता, आणि मग तो माझ्या दारात. येऊ दे. त्याला माझा स्वभाव ठाऊक आहे. तुमच्या लग्नानंतर पत्ते खेळताना तो माझ्या हातात काय आहे ते सरळ विचारी, मी सांगून टाकी, आणि तो हसत सुटे. आताही तो सरळच विचारील. या वयात खोटे शिकायला घेतले तर पहिल्याच वाक्यात पकडला जाईन.

म्हणून जिथे जाशील तिथला गाव, रस्ता, जिना, काहीही मला कळवू नकोस. या पत्राला उत्तरही नको. लोभ पत्रावाचूनही टिकतो, असे मी गृहीत धरतो. हे एक तरी गृहीतक चुकू नये. पत्ता अपुरा राहावा अशी इच्छा मी आयुष्यात प्रथमच करतो आहे.

तुझा मामा