माझं काम छताला

३ मार्च, सोमवार

गाडी येणार म्हणून माझं काम छताला टांगणार! ह्यांनी चहा पिता पिता सांगितलं, जणू पडदे बदलायचेत. बावीस वर्षं गॅरेजमध्ये बसून वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधतेय मी. टेबल, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा — सगळं वर! "अगं, फेकत थोडंच आहोत?" उपकारच झाले!

४ मार्च

बापलेक मोबाइलवर रॅक बघत बसलेत. एक छताला कायमचा ठोकायचा, शिडी लावून चढायचं. दुसरा साखळी ओढली की खाली येणारा. मी म्हटलं, निदान साखळीचा घ्या, माझे गुडघे शिडीचे राहिले नाहीत. तर चिरंजीव म्हणतात, "आई, तो हलतो. फिक्स जास्त वजन घेतो."

आणि मला लागेल तेव्हा सामान काढून कोण देणार?

"मी आहे ना!"

स्वतःचं ताट उचलत नाही, हा शिकंजा उतरवणार!

५ मार्च

जेवायला वाढलं. माझं ताट घेऊन गॅरेजमध्ये जेवले.

७ मार्च

रॅक बनवणारा फॅब्रिकेटर म्हणत होता, माप घ्यायला मी येतो. ह्यांना धीर कुठला! "त्यात काय मोजायचंय?" बाहेर ऊन म्हणून गॅरेजचं दार खाली ओढलं, दिवा लावला आणि टेप घेऊन स्वारी शिडीवर. मी खाली पुठ्ठे कापत होते. मला विचारतोय कोण?

१२ मार्च

रॅक लागला. उन्हामुळे दार आजही बंदच, माणसं घरातून ये-जा करत होती. टेबलाचे पाय काढून तेही वर. शिकंजा चढवायला तिघं लागले. चाळीस पुस्तकं अर्धी शिवून झाली होती, पंधरा दिवसांत द्यायचीत. "ती राहू देत रे," म्हटलं. "ठेवायची कुठे, आई?" तीही गेली.

रडले. दुःखाने नाही, संतापाने! लिहून ठेवते.

१३ मार्च

नवीकोरी गाडी दारात. ह्यांनी ऐटीत दार उचललं — धाड! आमचं दार वर गेलं की छताखालून आडवं आत सरकतं. ते सरकणार तिथेच रॅक! दार बंद ठेवून मापं घेतली, दुसरं काय होणार? अर्ध्यावरच अडकलं. गाडी रस्त्यावर, शेजारीपाजारी हजर.

मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. तर हे माझ्यावरच खेकसले, "तू रोज तिथे बसतेस, तुला सांगता येत नव्हतं?" वा! नाचता येईना, अंगण वाकडं!

१५ मार्च

नवा बेत. रॅक काढून मागच्या भिंतीकडे सरकवायचा. आता तरी साखळीचा? छे, फिक्सच! दोघांनी तासभर खल केला. माझं टेबल कुठे मांडायचं, हे एकाच्याही तोंडून आलं नाही.

१८ मार्च

वाचनालयामागची खोली कित्येक महिने रिकामी होती. आज जाऊन मागितली. खिडकी मोठी आहे, उजेड चांगला. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. हे आता गॅरेजमधून हाका मारतायत, "अगं, रॅक इथे चालेल का, येऊन बघ!"

उद्या नऊला टेम्पो येतोय.