चांदीचं तिसरं वेत

गुरुवार, दिवेलागणीला. नेवाशाचा मळा.

चांदी व्याली! दोन वर्षांत तिसऱ्यांदा. कोकरू धडपडत उभं राहिलं आणि मी, या वयात, चक्क टाळ्या वाजवल्या.

दर आठ महिन्यांनी वेत घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमची मेंढरं राखणारे सखाराममामा भडकले होते. "बाई, मेंढी काय मशीन हाय व्हय?" ते मनात रुतून बसलं. खरंच हावरटपणा होता का माझा? म्हणून मेंढा सोडण्याआधी मी प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवायचे. कणा हाताला टोचला, म्हणजे मेंढी खंगलेली; मग तिला विसावा आणि जास्तीचा खुराक.

वडील असाच हात फिरवायचे. मी सुट्टीत कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून घरी आले की आधी मेंढ्यांच्या, मग माझ्या पाठीवरून. "सिस्टर उपाशी ठेवतात काय गं तुला?"

आज चांदीच्या पाठीवर हात ठेवताना धाकधूक होती. नाही टोचला कणा. तीन वेतांनंतरही पाठ भरलेली!

मामांनीही हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "माझ्या घरच्या मेंढ्यांस्नी उद्या हात लावून बघता का? कुनाला मेंढा दावायचा, तुमी सांगा."

जन्मभर मेंढरं राखलेला माणूस मला विचारत होता.