यंत्र चाललं, त्याची हकिकत

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा वाकतो का, भावजयबाईंचं पित्त निवलं का, आणि तुम्हा दोघांचं एकमेकांशी बोलणं सुरू झालं का, हे सविस्तर कळव. माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. (पत्र लांबणार आहे. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे निबंध तपासले, आता माझा तू वाच.)

निवृत्त झाल्यावर मी नाणं टाकून खेळायचं यंत्र घेतलं, तेव्हा तू अट घातलीस की सहा महिने यंत्र चाललं तर खुशाल आपल्या घरी एकटी राहा, नाही चाललं तर मुकाट्याने आमच्या मागच्या खोलीत राहायला ये. मी रागाच्या भरात हो म्हणून बसले. पण खरं सांगते, मला माझं घर सोडायचं नाही. इथे मी कधी उठले, कधी जेवले, दिवा का चालू ठेवला, हे कुणी विचारत नाही. ते सोडून यायच्या कल्पनेनेच मला रडू येतं. तर काल सहा महिने पुरे झाले, म्हणून हा अहवाल.

यंत्र म्हणजे कपाटाएवढी काचेची पेटी, खाली चाकं. आत कापडी खेळण्यांचा ढीग आणि वर लोंबणारा लोखंडी पंजा. नाणं टाकून दांडा हलवला की पंजा खाली येतो, खेळणं उचलतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या वाटेत टाकून देतो. हे मी दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ठेवलं, कारण तिथे बसलेली माणसं आत जाणं टाळण्यासाठी वाटेल ते करायला तयार असतात. यंत्र बसवायला आलेल्या मेकॅनिकने जाताना हळूच सांगितलं, की पंजाची पकड मुद्दाम ढिली ठेवायची असते, विसांत एकदाच आवळायची. मी त्याला दारात उभं करून प्रामाणिकपणावर पाव तास सुनावलं आणि पकड घट्ट करून घेतली. दुपारपर्यंत पेटी रिकामी. एक आजोबा अकरा अस्वलं घेऊन घरी गेले. (दाढ काढायची राहिली, ती राहिलीच.)

मग झक मारत पकड ढिली केली, तर हरलेली पोरं भोकाड पसरायला लागली. आता तू जाणतोसच, माझ्या शाळेत स्पर्धेत भाग घेतलेलं एकही पोर कधी रिकाम्या हाताने गेलं नाही. काही नाही तर उत्तेजनार्थ तरी मिळायचंच. तेव्हा मी यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसले आणि हरेल त्याला उत्तेजनार्थ म्हणून लिमलेटच्या दोन गोळ्या द्यायला लागले. दोन दिवसांत सगळी पोरं हरण्यासाठीच खेळायला लागली. एकीच्या पंजात चुकून ससा अडकला तर ती धाय मोकलून रडली. (तिलाही दोन गोळ्या दिल्या, काय करणार.) दातांच्या दवाखान्यात गोळ्या वाटते म्हणून डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते बाहेर आले, बरणीत डोकावले आणि म्हणाले, कमी पडल्या तर सांगा. पण एका वकीलबाईंच्या ध्यानात सगळा प्रकार आला. त्यांनी असा काही आवाज चढवला की बरणी घरी न्यावी लागली, आणि त्यानंतर यंत्राकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता मुख्य मुद्दा, नीट वाच. चाकांना खीळ लावायची मेकॅनिक विसरला होता (किंवा माझं भाषण ऐकून पळाला). आत डॉक्टरांनी दात कोरायला घेतले की बाहेरची फरशी थरथरते. त्या थरथरीने यंत्र रोज बोटभर सरकत होतं. सरकत सरकत काल ते थेट आतल्या दाराला जाऊन टेकलं आणि रुतून बसलं. आत डॉक्टर आणि तोंड उघडून बसलेले एक गृहस्थ दीड तास अडकले. बाहेर धावपळ चालली होती तेव्हा मी टेप लावून अंतर मोजलं. साडेअकरा फूट भरलं. म्हणजे सहा महिन्यांत यंत्र चाललं, धाकट्या, आणि चांगलं चाललं. कसं चाललं पाहिजे ते तू सांगितलं नव्हतंस. प्रश्न मोघम काढला की उत्तराचे मार्क द्यावेच लागतात.

तुझी,
ताई

ता.क. अडकलेले गृहस्थ डॉक्टरांचे सासरे निघाले. यंत्र या आठवड्यात हलवायला सांगितलं आहे.

ता.क. दुसरा. म्हणून ते गुरुवारी टेम्पोने तुझ्याकडे पाठवते आहे. तुझ्या मागच्या खोलीत बरोबर मावतं, फक्त खाट काढावी लागेल. खाटच नाही म्हटल्यावर मी झोपणार कुठे, तेव्हा माझं येणं रद्द समज. वाईट वाटून घेऊ नकोस.

ता.क. तिसरा. भावजयबाईंना हे कसं सांगावं याची काळजी करू नकोस. त्यांच्याशी मी कालच बोलले. खाट त्यांनी रात्रीच शेजारणीला देऊन टाकली.