पादरीघर निर्मनुष्य नाही

प्रति,
मा. वारसा वास्तू नोंदणी अधिकारी,
किनारी विभाग, तिवरबंदर,
जिल्हा रायगड.

अर्जदार : याकूब यहया सरखोत, मूळ राहणार तिवरबंदर, हल्ली मुक्काम शारजा औद्योगिक क्षेत्र, यू.ए.ई.

विषय : तिवरबंदर येथील जुना मठ ऊर्फ पादरीघर या वास्तूस सील न लावणेबाबत, कारण आत माणूस राहते.

संदर्भ : १) समुद्राकडच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस. २) आपल्या कार्यालयाचा पाहणी अहवाल. ३) अर्जदाराच्या हरकतीवर ईमेलने आलेले आपले उत्तर.

महोदय,

१. अर्जदार याकूब सरखोत हा शारजात ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहे, म्हणजे या महिनाअखेरपर्यंत आहे. वर्कशॉप बंद होत आहे. शेठने व्हिसा कॅन्सलला टाकला आहे, आणि मिसरूड फुटल्यापासून आखातात राबलेला अर्जदार आता कायमचा घरी निघाला आहे. ज्या घरी निघाला आहे ते आपण संरक्षित स्मारक ठरवले असून येत्या वीस तारखेस त्याला सील लावणार आहात. त्या घरात अर्जदाराची पत्नी शहनाझ राहते. आपल्या कागदावर मात्र ते घर निर्मनुष्य आहे. अर्जाचा मुद्दा एवढाच. बाकीचे जे आहे ते जीव टांगणीला लागल्यामुळे लिहिले आहे, तरी कृपया शेवटपर्यंत वाचावे.

२. आपल्या अहवालात वास्तूचा जो इतिहास दिला आहे त्याबद्दल अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही. उलट तो वाचून त्याची छाती फुगली. अहवालाचा बराचसा भाग इंग्रजीत असल्याने तो शेठचा मुलगा फरदीन याने वाचून सांगितला. हा पोरगा शारजातच जन्मला आणि वाढला, कोकण त्याने लग्नकार्यापुरतेच पाहिले आहे. पोर्तुगिजांच्या अमलात फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी खाडीच्या तोंडाशी हा मठ बांधला. मधे चौकोनी अंगण, अंगणात विहीर, भोवती एकेका पाद्र्याची खोली, कडेला प्रार्थनेची जागा आणि मागे सर्वांचा मिळून एक मुदपाकखाना. पाद्री अनवाणी हिंडत, कमरेला दोरी बांधत, आणि दारी येईल त्याला पेज वाढत. मराठ्यांनी किनारा घेतला तेव्हा ते गलबतात बसून गोव्याला गेले. त्यानंतर तिथे तोफांची दारू ठेवली, मग मीठ साठवले, मग इंग्रजांच्या काळात जकातीची चौकी बसली, आणि शेवटी सरकारने लिलाव काढला. हे ऐकून फरदीन म्हणाला, "अंकल, यू नेव्हर टोल्ड अस. धिस इज लाइक अ म्युझियम." अर्जदार त्याला म्हणाला की बाबा रे, म्युझियम नाही, ते माझे घर आहे.

३. लिलावात ती जागा अर्जदाराच्या पणजोबांनी घेतली. ते बसऱ्याला जाणाऱ्या गलबतावर तांडेल होते. त्यांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून दिवाणखाना केला, प्रार्थनेच्या कोनाड्याला फळ्या मारून कपाट केले, आणि मठाचे घर झाले. तेव्हापासून सरखोतांच्या सगळ्या सुना याच घरात आल्या आणि सगळी मयते याच अंगणातून उठली. आपल्या अहवालात यापैकी एक अक्षर नाही. लिलावाच्या सालापुढे एकच वाक्य आहे : 'तदनंतर वास्तू ओसाड, सद्यःस्थितीत निर्मनुष्य.' फरदीनने हे वाक्य आधी इंग्रजीत वाचले आणि मग त्याचे हिंदी करून सांगितले. अर्जदाराने ते त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतले, आणि मग त्याच्या पायाखालची वाळू सरकली.

४. असे का लिहिले गेले, याचा अर्जदाराने खूप विचार केला. त्याला जे वाटते ते असे. आमच्या गावात घरातला पुरुष परदेशी निघाला की समुद्राकडच्या मोठ्या दाराला बाहेरून कुलूप घालतो आणि किल्ली सोबत नेतो. तो पुढच्या सुट्टीला येतो तेव्हाच ते दार उघडते. मधल्या काळात घरातल्या बायका मागच्या दाराने ये-जा करतात. हे कोणी कायद्याने लावलेले नाही, पण आमच्या आळीत अर्ध्याहून जास्त मोठी दारे अशीच बंद असतात. कुणी कुवेतला आहे, कुणी फुजैराला बंदरावर आहे. गावच्या माणसाला मोठ्या दारावर कुलूप दिसले की तो मागे वळसा घालतो. आपले पाहणी करणारे साहेब शहरातले होते. ते मोठ्या दाराशी आले, कुलपावरची धूळ पाहिली, आणि त्यांनी ओसाड असे लिहून टाकले.

५. शहनाझ त्या वेळी आतच होती. परके पुरुष दाराशी आणि घरात मर्द माणूस नाही, म्हणून रिवाजाप्रमाणे ती पुढे आली नाही. पण उन्हातून आलेल्या माणसांना तसेच परत पाठवणे तिच्या जिवावर आले. तिने चहा केला आणि शेजारच्या हमीदाखालांच्या हाती मागच्या दाराने फिरवून पायरीवर पाठवला. सोबत खारी होती. साहेबांनी चहा घेतला, 'छान झालाय' असे म्हणाले, आणि परत कामाला लागले. अहवालाच्या चौथ्या छायाचित्रात दाराच्या कमानीखाली तो ट्रे आणि तीन रिकामे कप स्पष्ट दिसत आहेत. महोदय, ज्या घरातून चहा आला ते घर निर्मनुष्य कसे, हे अर्जदाराला कोणीतरी समजावून सांगावे.

६. खिडकीच्या फटीतून जे दिसले त्याच्याही नोंदी अहवालात आहेत. मुदपाकखान्याच्या भिंतीवर 'मठकालीन काजळी अद्याप शाबूत' असे म्हटले आहे. ती काजळी शहनाझच्या चुलीची आहे. गॅस असला तरी तांदळाची भाकरी तिला चुलीवरचीच लागते, आणि रमजानमध्ये तर चूल दोन्ही वेळा पेटते. कोनाड्यात दिसलेल्या बरण्या 'पुरातत्त्वीय महत्त्वाच्या असण्याची शक्यता' आहे, असेही लिहिले आहे. त्यात यंदाचे कैरीचे लोणचे आहे. आतून आवाज आले म्हणून 'वटवाघळांचा वावर' नोंदवला आहे. त्या वेळी शहनाझ कप शोधत होती. पूर्वेकडच्या सरकत्या खिडक्या 'अज्ञात व्यक्तीने' बसवल्याचे म्हटले आहे. ती अज्ञात व्यक्ती म्हणजे अर्जदार. प्रत्येक सुट्टीला एकेक खिडकी करत, शारजात स्वतःच्या हाताने फ्रेम कापून, कार्गोने पाठवून त्याने त्या बसवल्या आहेत. त्या काढून टाकायच्या असतील तर तो स्वतः काढून देईल, एक ओरखडा उठू देणार नाही. विजेचे बिल सोबत जोडले आहे. पाद्री वीज वापरत नसावेत असा अर्जदाराचा समज आहे.

७. हे सगळे अर्जदाराने आपणास ईमेलने कळवले होते. त्यावर आलेले उत्तर वाचून त्याने कपाळाला हात लावला. उत्तरात म्हटले आहे की मालकीबद्दल वाद नाही, पण हरकत घेण्याचा हक्क फक्त वास्तूत राहणाऱ्या व्यक्तीस आहे. वास्तू निर्मनुष्य असल्याने तिथे राहणारी व्यक्ती नाही, म्हणून हरकत घेणारेही कोणी असू शकत नाही. म्हणून अर्जदाराचे पत्र दप्तरी दाखल केले आहे. अर्जदाराने वर्कशॉपमध्ये हे मोठ्याने वाचले तेव्हा सगळे आधी हसले, मग त्याच्या तोंडाकडे पाहून आपापल्या मशीनकडे वळले. त्याने आपल्या कार्यालयात फोनही केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाई असतील तर त्यांना नातेवाइकांकडे जायला सांगा ना थोडे दिवस." शहनाझचे आईवडील हयात नाहीत. भाऊ मुंब्र्याला दोन खोल्यांत राहतो. आणि थोडे दिवस म्हणजे किती, ते त्या बाईंनाही सांगता आले नाही.

८. मग फरदीनने संरक्षित स्मारकांची सरकारी अधिसूचना उघडली आणि त्यातले एक कलम शोधून काढले. संरक्षित वास्तूत 'मूळ वापराशी सुसंगत' असा वापर चालू शकतो. फरदीन म्हणाला, "अंकल, टेक्निकली यू क्वालिफाय. यू आर ऑलरेडी अ मंक." बुडत्या माणसाने काय काय धरावे! अर्जदाराने त्या रात्रीच एक अर्ज लिहून काढला. त्याचा मसुदा थोडक्यात असा होता की अर्जदार आखातात आल्यापासून बॅचलर अकोमोडेशनमध्ये राहतो. आधी दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात, मग शारजात. इथे बायको गावी ठेवून आलेल्या माणसालाही बॅचलरच म्हणतात, तसा सरकारी कागद सोबत आहे. तो एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. सर्वांचा मिळून एक मेस आहे, आणि जे शिजेल ते सगळे खातात. पहाटे अलार्म वाजतो आणि सगळे एकदम उठतात. बॉस म्हणेल तिथे जातात. अंगावरचे कपडे आणि एक बॅग एवढीच त्याची मिळकत आहे. म्हणजे पाद्र्यांचे सगळे नियम त्याने न चुकता पाळले आहेत, फक्त दोरी बांधलेली नाही, आणि तीही बांधायला तो तयार आहे. तरी मूळ वापराप्रमाणे मठात राहण्याची परवानगी मिळावी.

९. हा अर्ज अर्जदाराने शहनाझला फोनवर वाचून दाखवला. तिला हसू येईल असे त्याला वाटले होते. ती हसली नाही. तिने विचारले, "पाद्र्यांना बायका असायच्या?" अर्जदार म्हणाला, नाही. "मग मी?" तो अर्ज अर्जदाराने फाडून टाकला. त्यातला कोणताही मुद्दा या अर्जाचा भाग समजू नये. अर्जदार पाद्री नाही. त्याला तसे राहायचे नव्हते, पोटासाठी राहावे लागले. दर वेळी सुट्टी संपली की विमानतळावर तो शहनाझला म्हणे, बस, ही शेवटची खेप, इन्शाल्ला. आता कुठे ती खेप खरोखर संपत आली आहे. नेमक्या त्याच महिन्यात आपले सील येत आहे, आणि व्हिसा कॅन्सलचे कागद हातात पडल्याशिवाय अर्जदाराला इथून निघताही येत नाही.

१०. यापुढचेही आपणास सांगणे भाग आहे. शहनाझ घर सोडून जायला तयार नाही. हमीदाखालांनी समजावले, जमातीच्या लोकांनी समजावले, भावाने मुंब्र्याहून फोन केला. ती शांतपणे सगळ्यांना एकच सांगते. तिचे म्हणणे असे की आपल्या कार्यालयाची माणसे मोठ्या दारालाच सील लावतील, मागचे दार तर त्यांच्या नकाशात नाहीच. ती चूल पेटवेल, भाकरी करेल, नमाज पढेल. आणि मागचे दारही कळले नि त्यालाही सील लावले तरी ती आतून उठणार नाही. "कागदावर मी नाहीच, तर मला बाहेर कोण काढणार?" असे ती म्हणाली. अर्जदार तिला ओळखतो. ती दोनदा विचार करते आणि एकदाच बोलते. महोदय, आपण एका जिवंत बाईवर सील लावणार आहात. हे आपल्या मनात नाही हे अर्जदार जाणतो, पण वीस तारखेला तसेच होणार आहे. अर्जदार साडेतीनशे मैलांवर असता तरी रात्रंदिवस चालत निघाला असता. मधे समुद्र आहे.

११. सबब अर्जदाराची मागणी अशी :

(अ) वीस तारखेची कारवाई पुढे ढकलून मागच्या दाराने फेरपाहणी करावी. चहाची सोय होईल.

(ब) अहवालातील इतिहासातून 'तदनंतर वास्तू ओसाड, सद्यःस्थितीत निर्मनुष्य' हे वाक्य काढावे. पाद्री, दारूगोळा, मीठ आणि जकात यांना जिथे जागा मिळाली तिथे सरखोतांच्या सुनांनाही मिळावी. सगळ्यांची नावे अर्जदाराला पाठ आहेत, पण जागा कमी असल्यास एकच लिहावे. आणखी काहीच करता येत नसेल तर निदान एवढे करावे.

(क) हरकत राहणाऱ्या व्यक्तीचीच लागते, म्हणून हा अर्ज शहनाझच्या वतीने आहे असे धरावे. तिला फोनवर शेवटपर्यंत वाचून दाखवला आहे. ऐकून ती म्हणाली, "लिहिलंय ते ठीक आहे. पण तुम्ही तिकडून किती लिहाल? मीच जाते." सुनावणी लावल्यास ती एकटी येईल. सरकारी कचेरीत ती याआधी कधी गेलेली नाही. परक्या माणसांसमोर बोलायची तिला सवय नाही, तेव्हा सुरुवातीला आवाज लहान येईल. तिला 'सरखोतांचे कोणी' असे पुकारू नये. तसे पुकारल्यास ती सवयीने माझी वाट पाहील. 'शहनाझ' अशी नावाने हाक मारावी. ती ओ देईल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

याकूब यहया सरखोत
शारजा, दिनांक ११

वास्तूत राहणारी :
शहनाझ याकूब सरखोत
(अर्ज फोनवर पाठवून तिवरबंदर येथे छापून घेतला, सही तिने तिथे स्वतः केली आहे.)

सोबत : विजेचे बिल, मिळकतपत्रिकेचा उतारा, आपल्या अहवालातील छायाचित्र क्रमांक चार (ट्रेभोवती गोल करून), मागच्या दाराचा फोटो (हमीदाखालांनी काढलेला, थोडा हललेला आहे).