मामूने घेतलेली रोमानियाची तोंडी

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५, दुपारी २.३५. अल सुलै, रूमवर.
जुम्म्याच्या नमाजाहून येऊन पलंगावर बसलो होतो. मोबाइलवरून रोमानियाची माहिती पॅकिंग स्लिपांच्या कोऱ्या बाजूवर उतरवत होतो. नद्या झाल्या होत्या, पिकं चालू होती. मामू बांगडे तळत होता. हात पुसत मागून आला आणि वाकून बघितलं.
"कसला अभ्यास रे?"
"दहावीचा," म्हणालो. "बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. भूगोल."
तोंडातून निघून गेलं. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मामू दहावीसाठी मागे लागलाय. इतका खूष झाला की एक बांगडा करपला. करपलेला स्वतः घेतला.

खरं फक्त इथे. रोमानियात एका गोदामाला फोर्कलिफ्टवाले हवेत. आमच्या रूममधला संतोष, कराडचा वेल्डर, त्याने एजंटचा नंबर दिला. मुलाखत याच महिन्यात, व्हिडिओ कॉलवर. देशाबद्दल विचारतात म्हणे. माझा इथला करार जानेवारीत संपतो.
मला इथे आखातात मामूने आणलं, स्वतःच्या शब्दावर. आता त्याच शब्दावर तो त्याच्या मुलासाठी, अरबाजसाठी, व्हिसा मागतोय. कफील, म्हणजे आमचा इथला मालक, म्हणाला, आधी भाच्याला पुढच्या दोन वर्षांची सही करू दे, मग मुलाचं बघू. म्हणजे मी खुरूज, कायमचं परत जायचा शिक्का, लावून निघून गेलो तर अरबाज...

सोमवार, १० नोव्हें.
जेवणानंतर मामूने तोंडी घेतली. चष्मा लावून, स्लिपा हातात. मी समोर मांडी घालून.
राजधानी? बुखारेस्ट. दक्षिणेची सरहद्द? डॅन्यूब नदी, पलीकडे बल्गेरिया. चलन? युरो म्हणालो.
मामूने स्लिप डोळ्यांजवळ नेली. "लेउ लिहिलंय. हा मार्क गेला."
बरोबर होतं त्याचं. युरोपियन युनियनमध्ये आहेत, पण चलन स्वतःचं. मुलाखतीत हेच चुकलो असतो. मामूने सुधारलं, आणि कशासाठी सुधारलं ते त्यालाच ठाऊक नाही.
संतोष वरच्या पलंगावरून म्हणाला, "मास्तर, जरा मार्क वाढवा. पोराला लांब जायचंय." मामू हसला. मी पाणी प्यायला उठलो.
नंतर संतोषला बाहेर घेऊन गेलो, असलं बोलू नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग तू बोल. एकदाच लागेल त्याला.

शुक्रवार, १४ नोव्हें.
अम्मीचा फोन. मामूने तिला कळवलंय. तिने मोहल्ल्यात खुशीची शिरणी वाटली. परीक्षेचा पत्ता नाही आणि शिरणी. मशिदीतल्या मौलानांनीही दुआ केली म्हणे.
मामू अरबाजला फोन करून त्याचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक शोधायला सांगणार आहे. पानांचे फोटो मागवतो म्हणाला. नको म्हणालो.

मंगळवार, १८ नोव्हें.
आज लोकसंख्या. पूर्वी सव्वादोन कोटींच्या वर होती, आता एक कोटी नव्वद लाखांच्या आसपास. देश महाराष्ट्राच्या पाऊणपट.
मामूने विचारलं, माणसं गेली कुठे, लढाई झाली का. नाही म्हटलं. मुलं कमी जन्मतात, आणि तरुण माणसं इटली, स्पेन, जर्मनीला कामाला जातात. तिथून पैसे पाठवून गावात मोठी घरं बांधतात. घरांना कुलूप, नाहीतर आत एखादी म्हातारी.
मामूने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "हा तर आपलाच गाव झाला."
खरंच आहे. आमच्या मोहल्ल्यात दुमजली घरं, रंग नवा, खिडक्या बंद. आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी, होडीवर खलाशी नेपाळी.
"आपण इकडे आलो, आपल्या जागी नेपाळी. मग तुझ्या रोमानियात त्यांच्या जागी कोण जातो?"
पुस्तकात दिलेलं नाही, म्हणालो.
"दिलेलं नसणारच," मामू म्हणाला आणि स्लिपा घडी करून उशीखाली ठेवल्या.

गुरुवार, २० नोव्हें.
मुलाखत झाली. जेवणाच्या सुट्टीत, गोदामामागे, रिकाम्या पॅलेटांच्या आडोशाला. पलीकडे एक बाई, तिच्या खिडकीत करडं आभाळ. एजंटचा माणूस तिचं मला आणि माझं तिला हिंदीतून करून सांगत होता.
मधोमध कार्पेथियन डोंगर, पूर्वेला काळा समुद्र, कॉन्स्टान्त्सा बंदर. गहू, मका, सूर्यफूल. मोटारींचे कारखाने. चलन लेउ. बाई हसली, म्हणाली, इतकं पाठ करून कोणी येत नाही. मग विचारलं, आम्ही बाहेरून माणसं का आणतो, माहीत आहे?
मी म्हणालो, "तुमचं गाव आमच्या गावासारखंच झालंय म्हणून."
हिंदीतून तिला काय पोचलं कळलं नाही, पण ती हसायची थांबली. तिचा मुलगा स्पेनमध्ये असतो म्हणाली.
वाक्य मामूचं होतं. त्याचं वाक्य घेऊन मी त्याच्याचपासून सुटायची नोकरी मागितली.
जेवायला रूमवर उशिरा पोचलो तर मामूने माझ्या वाट्याचं कालवण झाकून ठेवलेलं. उशीर का, विचारलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हें.
निवड झाली. होकार ७ डिसेंबरपर्यंत कळवायचा.
संध्याकाळी मामू कफीलकडून आला. अरबाजचं काम होणार. माझी सही झाली की त्याचे कागद पुढे जातील. त्यासाठीही रविवार, सात तारीख.
वाटलं होतं मामू खजूर आणेल, सगळ्या रूमला वाटेल. त्याने नुसती तारीख सांगितली आणि कपडे धुवायला गेला. आल्यावर नेहमीसारखी तोंडी. हवामान? हिवाळ्यात कधी उणे पंधरा. उणे म्हणजे किती रे, बर्फाच्या पेटीसारखं? त्याहून जास्त, म्हणालो. माझे हात बघत बसला होता.

मंगळवार, २ डिसें.
अरबाजचा मेसेज. आधी विचारलं, व्हिसाचं नक्की ना भाई, बॅग घेऊ का. मग:
"तू कुठली दहावी देतोयस? आपल्या भूगोलात तर भारत आणि ब्राझील आहे. रोमानिया कुठेच नाय."
अब्बांना सांगितलंस का, विचारलं. सांगितलं म्हणे. शिरणी वाटली त्याच रात्री.
म्हणजे लोकसंख्येच्या दिवशी मामूला माहीत होतं. डोंगर, बंदर, उणे पंधरा, सगळं माहीत असून विचारत होता. माझी उत्तरं पक्की होईपर्यंत.
बॅगेचं अजून उत्तर दिलेलं नाही.

शुक्रवार, ५ डिसें.
मामू शहरातल्या बत्ता बाजारातून आला. पिशवी माझ्या पलंगावर टाकली. आत जाड लोकरीचे हातमोजे, आतून अस्तर.
मी उभा राहिलो. मामू, माफ कर, म्हणायचं होतं. "मामू, अरबाजचं..." एवढंच.
"माझ्याशी खोटं बोललास, ते मी गिळलं. तुझ्या आईने वाटलेली शिरणी कशी गोळा करणार?"
संतोष चप्पल घालून बाहेर गेला.
मी म्हणालो, मी नाही जात. मामू म्हणाला, हे पण दहावीसारखंच बोलतोयस.
मग कांदा घेतला, चिरायला लागला. पाठ माझ्याकडे. "रविवारी कफीलसमोर तू बोलायचं. सही करतो म्हण, नाय तर जातो म्हण. मी तुझ्यासाठी एकदा शब्द दिला. आता तुझा तू दे."
हातमोजे घालून बघितले. बरोबर बसतात. काढून पिशवीत ठेवले, परत काढले.
परवा रविवार. दोन्ही वाक्यं मनात म्हणून बघतो. दोन्ही अडखळत नाहीत, याचीच भीती वाटते.

खर्च: कागदपत्रं, फोटो, शिक्के – २१० रियाल. एजंट, पहिला हप्ता – १,५०० रियाल.
देणं: संतोष – ४०० रियाल.
मामू – हातमोजे. किंमत विचारली, सांगत नाही.