हळदीकुंकवाला जिजाऊ

वाशिम, ९ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ

माझा उपक्रम मुख्याध्यापकांना लगेच आवडला, तिथेच शंका यायला हवी होती. जिजाऊ जयंती आणि संक्रांत एकत्र: मुली जिजाऊ होणार, त्यांच्या आयांना हळदीकुंकू नि तिळगूळ. संस्कृत शिकवणारीने दोन सणांचा संधी करायचा नाही तर कोणी? साहेब खूश. "मंग फोटू बी एकदाच काढा लागन!" कुंकवाचा करंडासुद्धा मी घरून घासून नेला.

शाळा सुटल्यावर सातवीतली वैष्णवी टेबलाशी आली. तिच्या वर्गाची जिजाऊ तीच होणार आहे.

"मॅडम, माह्या आईले बोलावू का? बाबा गेल्यापासून तिले कोनी हळदीकुंकवाले बोलावतच नाही."

मी करंड्याचं झाकण लावत म्हणाले, "साहेबांना विचारून सांगते."

काय विचारणार होते मी? शहाजीराजे गेल्यावर जिजाऊ आमच्या शाळेत आल्या असत्या, तर त्यांनाही दारातच थांबवून साहेबांना विचारलं असतं?

आमंत्रण घरी जाऊन, कुंकू लावूनच द्यायची रीत आहे. उद्या करंडा घेऊन वैष्णवीकडे जाते. तिच्या आईने कपाळ मागे घेतलं तर? तर करंडा तिच्या हाती देईन. म्हणेन, मग तुम्हीच मला लावा.